दुकानात चालतो, घरी बंद पडतो

(पत्रलेखकाच्या विनंतीवरून नाव दिलेलं नाही. पत्र मोठं होतं, इथे त्याचा गोषवारा आहे.)

पत्रलेखक वीस वर्षांचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. घर सांगलीच्या गावभागात. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. दोन वर्षं साठवलेले पैसे आणि वडिलांनी घातलेली भर यांतून त्याने सुटे भाग आणून गेमिंग कॉम्प्युटर स्वतः जोडला. रायझन 5 5600 प्रोसेसर, ओळखीतून घेतलेलं वापरलेलं आरटीएक्स 3060 टीआय ग्राफिक्स कार्ड, 550 वॉटचा पॉवर सप्लाय (भिंतीतली वीज आतल्या भागांना पुरवणारा कॅबिनेटमधला डबा). गेले दोन महिने गेम खेळताना तो अचानक बंद पडतो. निळा स्क्रीन येत नाही, कसली सूचना येत नाही. बहुतेक वेळा संध्याकाळी सात ते दहाच्या मध्ये. एका रविवारी दुपारी मात्र तीन तास सलग चालला. दुकानात नेला तर तिथे दोन दिवस गेम लावून ठेवला, एकदाही बंद पडला नाही. दुकानदाराचं मत, "कार्ड जुनं आहे, तेच जाणार, बदलून टाक." विंडोजच्या नोंदींत 'कर्नेल-पॉवर 41' असं लाल अक्षरांत दिसतं, त्याची त्याला धास्ती बसली आहे. वडील म्हणतात, "तयार घेतला असता तर ही वेळ आली नसती." त्याचा प्रश्न असा : घरात न सांगता हप्त्यावर नवीन कार्ड घेऊ, की सगळं विकून लॅपटॉप घेऊ?

पत्राच्या शेवटाकडे त्याने जाता जाता लिहिलं आहे : "कॉम्प्युटर यूपीएसवर आहे, बाबांच्या दुकानातला जुना 600 व्हीएचा, त्यामुळे लाइटचा प्रश्नच येत नाही. तो मध्येच टिट-टिट करायचा, आईला त्रास व्हायला लागला म्हणून मी त्याचा आवाज बंद केला."

—

प्रिय मित्रा,

"माझ्याच हातून जोडताना काहीतरी चुकलं असणार" हे वाक्य तुझ्या पत्रात तीनदा आलंय. आधी त्याच्याबद्दल बोलते, कारण ते मनात धरून तू पुढचे सगळे निर्णय घ्यायला निघाला आहेस. जोडणीत चूक असती, एखादी पिन अर्धवट बसली असती किंवा मदरबोर्डखाली जास्तीचा स्क्रू राहिला असता, तर ती चूक घड्याळ बघून वागली नसती. दुकानातही नडली असती, रविवारी दुपारीही नडली असती. तुझ्या मशीनने दुकानात दोन दिवस गेम ओढलाय. पहिल्यांदाच जोडलेल्या मशीनने एवढं करणं ही चांगली गोष्ट आहे, आणि हे तुला कोणी म्हटलेलं दिसत नाही, म्हणून मी म्हणते.

आता दुकानाचा मुद्दा. तिथे चाललं यावरून तू आणि दुकानदार दोघांनीही अर्थ काढला की कार्ड लहरीवर आहे, कधी चालतं, कधी नाही. मला विचारावंसं वाटतं, तू घरून दुकानात काय नेलंस? फक्त कॅबिनेट. आणि घरी काय राहिलं? यूपीएस, एक्स्टेन्शन बोर्ड, भिंतीवरचा सॉकेट, गावभागातली लाइट. कार्ड दोन्हीकडे तेच होतं, प्रोसेसर तोच, पॉवर सप्लाय तोच. जे दोन्हीकडे सारखं होतं त्याच्यावर तू आळ घेतोयस, आणि जे बदललं त्याच्याकडे बघितलेलंच नाहीस. नवीन कार्ड आणलंस तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं व्हायची भीती आहे, आणि त्या बंबाचे हप्ते तुला वर्षभर फेडत बसावे लागतील.

वेळेचंही तसंच. तुला वाटतं संध्याकाळपर्यंत मशीन तापतं आणि मग बंद पडतं. पण आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी पारा 40 अंशांच्या आसपास जातो. उष्णतेने बंद पडणारं मशीन दुपारी आधी पडलं असतं. शिवाय उष्णता अशी अचानक घाव घालत नाही. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, गेम अडखळायला लागतो, पंखे बोंबलतात, आणि तरीही तापतच राहिला तर मग जीव वाचवायला बंद होतो. तुझ्या 5600 ची कंपनीने दिलेली कमाल मर्यादा 90 अंश आहे, 3060 टीआयची 93 अंश. अडखळण्याबद्दल तू एक शब्दही लिहिलेला नाहीस. तुझा गेम मख्खन चालू असतो आणि दुसऱ्या क्षणी सगळं काळं.

मग संध्याकाळी सात ते दहा गावभागात काय होतं? घरोघरी दिवे, टीव्ही, पंखे, कूलर, मिक्सर एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज खाली येतं. त्यात नळाला पाणी सुटलं की मोटारी लागतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, तेवढ्या एका क्षणाला बल्ब मंद होतो. तो झटका तुझ्या यूपीएसलाही बसतो. व्होल्टेज चालण्याजोग्या पट्ट्याबाहेर गेलं असं समजून तो बॅटरीवर जातो. बॅटरी जुनी असेल तर तिला तुझ्या मशीनचा भार दोन सेकंदही पेलत नाही.

आणि भाराचा हिशोब तर तूच पत्रात लिहून दिला आहेस, फक्त बेरीज करायची राहिली. ग्राफिक्स कार्ड 200 वॉटचं. गेममध्ये प्रोसेसर साधारण 60-70. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून 40-50 धर. झाले 300 ते 320. पॉवर सप्लाय भिंतीतून जेवढं घेतो तेवढं सगळं पुढे देत नाही, थोडं उष्णतेत जातं, म्हणून भिंतीतून ओढले जातात 360-370. मॉनिटरचे 25-30 वेगळे. म्हणजे गेम रंगात आला की 400 वॉटच्या आसपास. आता यूपीएस उलटा करून मागचं लेबल वाच. 600 व्हीए हा मोठा आकडा पुढे छापतात, खरी ताकद वॉटमध्ये असते, आणि या आकाराच्या बहुतेक यूपीएसवर ती 360 वॉट असते. तो दुकानात बिलाचा कॉम्प्युटर आणि छोटा प्रिंटर सांभाळायला आणलेला. त्याच्या पाठीवर तू बैलगाडीचा माल टाकलास, तो ओरडला, आणि आईची झोप मोडते म्हणून तू त्याचं तोंड बंद केलंस. आईची काळजी केलीस यात काही गैर नाही. पण ती टिट-टिट तुझ्याशी बोलत होती.

हे सगळं जुळतंय म्हणून मी निकाल देत नाही. पत्र वाचून मशीन दुरुस्त होत नसतं, संशय कुठे घ्यावा एवढंच कळतं. पुरावा तुला गोळा करायचाय, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

पुढच्या वेळी मशीन बंद पडेल तेव्हा हात लगेच पॉवर बटणाकडे नेऊ नकोस. मॉनिटरकडे बघ. मॉनिटरचा छोटा दिवा चालू आहे आणि पडद्यावर 'नो सिग्नल' फिरतंय, तर लाइट गेलेली नाही, गडबड कॅबिनेटच्या आत आहे. मॉनिटरही मेलाय, त्याचा दिवाही गेलाय, तर कॅबिनेट निर्दोष. दोघांना वीज देणारी जी एकच वाट आहे, यूपीएस किंवा बोर्ड किंवा सॉकेट, तिथे ती तुटली. (दोघंही एकाच यूपीएसवर आहेत हे मी गृहीत धरलंय. नसतील तर एक संध्याकाळ तसे लाव.) असं पत्र लिहिणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीच हे पाहिलेलं नसतं, कारण त्या क्षणी सगळं लक्ष हरलेल्या मॅचमध्ये असतं. फार घाईत असशील तर मोबाइल टेबलावर टेकवून व्हिडिओ लावून ठेव, यूपीएसचा दिवा, मॉनिटर आणि कॅबिनेट एका चौकटीत येतील असा.

दुसरी संध्याकाळ यूपीएस काढून टाक. कॅबिनेटची वायर थेट भिंतीच्या सॉकेटात, एक्स्टेन्शनसुद्धा मध्ये नको. त्या वेळी मोठं डाऊनलोड किंवा प्रोजेक्टचं काम उघडं ठेवू नकोस, लाइट गेली तर मशीन जाणारच. सलग तीन-चार संध्याकाळी, त्याच सात ते दहाच्या वेळात, तोच गेम खेळ. एकदा खेळून काही झालं नाही म्हणून मोकळा होऊ नकोस. पी हळद आणि हो गोरी असं यात चालत नाही. आधी दिवसाआड बंद पडणारं मशीन आठवडाभर थेट सॉकेटवर टिकलं, तर तुझा चोर सापडला.

सॉकेटबद्दल आणखी एक. घर गावभागात म्हणतोस, तर 2019 च्या ऑगस्टात तुमच्या बोर्डांना पाणी लागलं होतं का ते बाबांना विचार. त्या वेळी आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी 45 फुटांची. 2021 च्या जुलैत पुन्हा तोच फेरा. पाणी ओसरल्यावर भिंती रंगल्या, पण सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या अनेक घरांत त्याच राहिल्या. पट्टी गंजली किंवा स्क्रू ढिला झाला की ट्यूबलाइट, चार्जर आरामात चालतात, आणि 400 वॉट ओढायला गेलं की संपर्क तुटतो. प्लग हलवल्यावर चरचर आवाज येतो का, गेमनंतर प्लग हाताला गरम लागतो का, सॉकेटभोवती पिवळट डाग आहे का, एवढं तू बघू शकतोस. उघडायचं काम मात्र वायरमनचं, मेन स्विच पाडून. त्यालाच अर्थिंगही तपासायला सांग. कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समज, आणि ते काम गेमच्या आधी करून घे.

मी स्वतः यात पोळले आहे. मिरजेत आमच्या घरी एक मशीन असंच जायचं. एका दुकानाच्या सांगण्यावरून मी पॉवर सप्लाय बदलला, मग रॅम बदलली. शेवटी वायरमनने सॉकेट उघडला, तर न्यूट्रलचा स्क्रू बोटाने फिरत होता. त्याने पेचकसाने दोन आटे दिले आणि त्यानंतर ते मशीन मी सहा वर्षं वापरलं. पैसे गेल्याचं दुःख पुढे विरलं. पण त्या दोन महिन्यांत मला स्वतःच्या कामावर विश्वास राहिला नव्हता, ते अजून आठवतं. तुझ्या पत्रात मला तेच दिसलं.

आता समजा मॉनिटर चालू राहतो आणि थेट सॉकेटवरही मशीन जातंच. मग आत बघायचं, आणि तिथेही कार्डाच्या आधी पॉवर सप्लाय. 3060 टीआयसाठी कंपनी 600 वॉटचा सप्लाय सुचवते, तुझा 550 चा आहे. चांगल्या प्रतीचा 550 हे सगळं सहज ओढतो, हलका असेल तर नाही. ही कार्डं सरासरी 200 वॉट घेतात, पण मिलिसेकंदांपुरती त्याहून बरीच वर उसळी मारतात. काही सप्लाय त्या उसळीला ओव्हरलोड समजून स्वतःला बंद करून घेतात. याची एक खूण आहे : बंद पडल्यावर पुढचं बटण दाबून मशीन उठतच नाही, मागचा स्विच बंद करून थोडं थांबून पुन्हा चालू करावा लागतो. असं होत असेल तर सप्लाय स्वतःच्या संरक्षणासाठी बंद होतोय.

याचीही फुकट चाचणी आहे. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर घे (कार्ड कोणत्याही कंपनीचं असो), त्यात 'पॉवर लिमिट' 70 टक्क्यांवर आण आणि गेममध्ये फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) 60 ला बांध. कार्डाची भूक साधारण 60 वॉटने उतरते. तेवढ्याने बंद पडणं थांबलं, तर कार्ड बिघडलेलं नाही, त्याला पुरेसं खायला मिळत नव्हतं. फक्त एक लक्षात ठेव, ही चाचणी यूपीएस काढल्यावरच कर. यूपीएसवर केलीस तरी बंद पडणं थांबेल, आणि दोष सप्लायचा की यूपीएसचा ते कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत तारीख, वेळ, काय बदललं, काय झालं अशी ओळ लिहायची.

कॅबिनेट उघडशील तेव्हा मागचा स्विच बंद, वायर काढलेली. मदरबोर्डला वीज देणारा 24 पिनांचा आणि प्रोसेसरजवळचा 8 पिनांचा कनेक्टर काढून 'टक' आवाज येईपर्यंत पुन्हा बसव. कार्डाला दोन कनेक्टर लागत असतील आणि तू एकाच वायरीच्या दोन तोंडांनी दिले असशील, तर सप्लायपासून दोन स्वतंत्र वायरी दे. पॉवर बटणाची बारीक वायर मदरबोर्डवरून काढून एक दिवस तशीच ठेव. बटण आत अडकत असेल तर चार सेकंद दाबल्यासारखं होऊन मशीन बंद होतं. चालू करायला तेवढ्यापुरती रीसेटची वायर त्या पिनांवर लाव. घरात हळदीची पोती येत असतील तर पंखे आणि सप्लायची जाळी ब्रशने झाड, ती भुकटी तेलकट असते, चिकटून बसते. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही. वायर काढल्यानंतरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. बाकी रॅमचा दोष असता तर बहुधा निळा स्क्रीन किंवा रीस्टार्ट दिसला असता, असा गप्प काळोख नाही. ते शेवटी बघू.

आणि त्या 'कर्नेल-पॉवर 41' ला घाबरू नकोस. त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोजला निरोप न घेता जावं लागलं. कोणी घालवलं हे तो सांगत नाही. तू भर गेममध्ये वायर उपटलीस तरी तीच नोंद पडेल. त्या नोंदीच्या तपशिलात 'बगचेक कोड' शून्य असेल, तर विंडोजला कसली चूक टिपायला वेळच मिळाला नाही, आणि हेही विजेकडेच बोट दाखवतं. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर मागे चालू ठेवून तापमानाची नोंद फाइलमध्ये घे. बंद पडण्याआधीची शेवटची ओळ तुझी साक्षीदार. तिथे प्रोसेसर 70 अंशांच्या आसपास असेल, तर तापण्याचा विषय मिटला.

लॅपटॉपचं म्हणशील, तर तुला होस्टेलवर किंवा नोकरीला जायचंय म्हणून हवा असेल तर जरूर घे. या बिघाडावर उपाय म्हणून घेऊ नकोस. आज विकायला काढलंस तर 'बंद पडतो' हे सांगून विकावं लागेल, आणि निम्मा भावही येणार नाही. न सांगता विकणं तुला जमणार नाही, एवढं तुझ्या पत्रावरून कळतं. दोष यूपीएसचा निघाला, तर नवीन घेताना लेबलावरचे वॉट बघ. तुला 600 वॉट देणारा हवा, बाजारात तो साधारण 1000 ते 1100 व्हीएच्या नावाने मिळतो. प्युअर साइन वेव्हचा (बॅटरीवरही भिंतीतल्यासारखीच गुळगुळीत वीज देणारा) परवडला तर उत्तम, आताच्या पॉवर सप्लायना तो मानवतो. तोवर थेट सॉकेटवर खेळलास तरी काही बिघडत नाही. जुना यूपीएस फेकू नकोस, वायफायच्या राउटरला लाव, लाइट गेल्यावर घराला नेट राहील. ज्या वाचकांच्या घरी यूपीएसऐवजी इन्व्हर्टर आहे, त्यांनी त्याच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का ते पाहावं. दुसऱ्या मोडवर लाइटवरून बॅटरीवर जाताना जरा जास्त वेळ लागतो, पंख्याला तो कळत नाही, पण कॉम्प्युटर जातो.

राहिले बाबा. "तयार घेतला असता तर" हे तुझ्या मनाला लागलंय. पण तयार मशीनही याच यूपीएसवर, याच सॉकेटवर बसलं असतं आणि असंच पडलं असतं. त्यांना हे वाद घालून सांगू नकोस, दाखव. तुझे बाबा आयुष्यभर हळदीत वावरले. पोतं बघून कोणी भाव करत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतात, हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. वही त्यांच्यासमोर ठेव आणि म्हण, "बाबा, मी अजून मोडून बघितलेलं नाही, आठवडाभर बघतो, मग ठरवू." त्यांना या कामात घे. पुराच्या वेळी कोणते बोर्ड बदलले, कोणते नाही हे त्यांनाच माहीत. यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली हेही तेच सांगतील. त्यांनी भर घातलेल्या मशीनबद्दल त्यांच्यापासून हप्ता लपवायचा, हे तुझ्याच्याने फार दिवस पेलणार नाही. आणि माझ्या अंदाजाप्रमाणे त्या हप्त्याची वेळच यायची नाही.

आठवड्याने मला कळव : मॉनिटरचा दिवा राहिला की गेला, थेट सॉकेटवर किती संध्याकाळी टिकला, आणि बंद पडल्यावर पुढच्या बटणाने उठला की मागचा स्विच फिरवावा लागला. ही तीन उत्तरं आली की पुढचं मी नेमकं सांगू शकेन.

यूपीएसचा आवाज मात्र आज रात्रीच चालू कर. आईला सांग, चार दिवसांचा प्रश्न आहे.

तुझी,
ताई